शनिवारी बारा, रविवारी तीन

शुक्रवारी एक्केचाळीस. शनिवारी बारा. रविवारी तीन,
त्यातला एक ऑपरेटरचा मेहुणा, फुकटा.
चार डॉलर तिकीट. दोनशे वीस झाले.
सोमवारी रिळं डब्यात, डबे ट्रकमध्ये.
सिनेमा डब्यात गेला म्हणतात
तो मी असा शब्दशः पाहिला,
रॉक्सीच्या मागच्या दाराने,
मीठ टाकलेल्या बर्फाच्या राडीतून जाताना.

आमच्याच गावात काढलेला. ‘मार्चपर्यंत बर्फ’.
शाळेतली दोन मुलं, गोठलेलं तळं,
आणि एक बाप, जो काही बोलत नाही.
नट सगळे कॅलिफोर्नियातून आणलेले.
बापही तिकडचाच,
पण गप्प बसायचा म्हणून आमच्यातला वाटला.
गर्दीत उभं राहायला मात्र आम्ही:
दिवसाचे पस्तीस डॉलर आणि गरम सूप.

डेट्रॉइटच्या पेपरात चार ओळी आल्या.
त्यात दिग्दर्शकाचं आडनाव चुकलेलं.

वसंतात कॅसेट निघाली.
मिसेस कोस्केलाने दोन घेतल्या,
दुसरी अर्ध्या किमतीत होती म्हणून.
मी काउंटरवर बसायचे.
आणि पडलेला सिनेमा
आधी रांगला, मग चालायला लागला.
कार्ड भरलं, त्याला मागून दुसरं चिकटवलं.
पोरं तळ्यावरचा तो प्रसंग
मागे नेऊन पुन्हा, मागे नेऊन पुन्हा,
शेवटी एकाहत्तराव्या मिनिटाला
टेपवर पांढऱ्या रेघा पडल्या.
बर्फावर बर्फ.

दुसरी प्रत आर्वो लाहतीची. दर गुरुवारी.
खाणीतून सुटून थेट, जेवणाचा डबा हातात.
कव्हरवर मुलगा-मुलगी ओठांत ओठ,
म्हणून तो ती पालथी धरून न्यायचा.
ती एकाहत्तराव्या मिनिटाला धडधाकट होती.
झिजली होती एकोणिसाव्यात:
शाळेतला कॉरिडॉर, लॉकर,
डाव्या कडेला पिवळी टोपी
आणि टोपीखाली अर्धा चेहरा.
काइसा. चार सेकंद.

काइसा शूटिंगनंतरच्या उन्हाळ्यात टकोमाला गेली.
फोन एकदाच आला, आर्वो कामावर असताना.
रॉक्सीतही तो आला नव्हता.
त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी.

हिशेब ठेवायला मला कुणी सांगितलं नव्हतं.
एका रात्रीचं भाडं एक डॉलर.
दोनशे एकविसाव्या गुरुवारी
म्हाताऱ्याने एकट्याने
रॉक्सीचा अख्खा गल्ला मागे टाकला.
मी बोलले नाही.
उशिराचे पन्नास सेंट तेवढे सोडून दिले.

दोन हजार एकमध्ये डिस्क आली.
पाठीवर लिहिलेलं: संपूर्ण रुंदीचं चित्र.
टीव्ही चौकोनी, म्हणून कॅसेट करताना
कंपनीने दोन्ही कडा कापल्या होत्या.
कुणीतरी एका खोलीत बसून ठरवलं असणार,
कोण राहील, किती राहील.
त्याचंही पोट होतं, दुपारचं जेवण व्हायचं होतं.

दुकान बंद करून मी लावली.
एकोणिसावं मिनिट.
पिवळी टोपी. टोपीखाली अख्खी काइसा,
हसतेय.
आणि तिचा उजवा हात, लॉकरच्या आडोशाला,
ज्या हातात आहे
तो हात माझा.

छप्पन्न जणांनी हे भिंतीएवढं पाहिलं होतं.
कुणाला दिसलं नाही.
मलाही नाही. मी तिसऱ्या रांगेत होते,
आईच्या शेजारी, डोळे मिटून.

गुरुवारी आर्वो आला.
डबा काउंटरवर ठेवला.
मी कॅसेट काढली. मग डिस्क काढली.
शेजारी शेजारी ठेवल्या.
प्लेअर आम्ही भाड्याने देतो, म्हटलं.
यात जास्त दिसतं.

त्याने चष्मा पुसला.
“किती जास्त?”

मी हात पुढे केला.
“एवढं.”