शंभरात एक

गावाचं नाव पाळी.
बदलून आलेल्या डॉक्टरीणबाई पहिल्या दिवशी
रजिस्टरवर ते वाचून गालात हसल्या.
मग पानं उलटत गेल्या. सात पॉइंट चार,
आठ, सहा पॉइंट नऊ, पुन्हा सहा.
हसू तिथंच कुठंतरी राहिलं.

अकरा वर्षं मी या उपकेंद्रात बोटं टोचते.
थेंब वर आला की मला कळतं,
यंत्राला मागाहून.
कोकमाचं तिसरं पाणी असतं ना,
सोलं पिळून पिळून उरलेलं,
तसला रंग.

आणि बाहेर पायरीवर, पत्र्यावर,
आंब्याच्या पानापानावर,
वाळत घातलेल्या माझ्या पांढऱ्या साडीच्या काठावर
लोखंडाची तांबडी धूळ.
आमचा डोंगर बार्जमध्ये बसून मांडवीतून गेला.
कुठं गेला ते बार्जवाल्यालाही ठाऊक नव्हतं.
मागं एक हिरवं तळं उरलं, तळ न लागणारं.
एवढं लोखंड दारावरून गेलं,
एकीच्याही नखात उतरलं नाही.

सुलक्षा मळीक, वय चौतीस.
विहिरीवरून येताना दोनदा टेकते.
पदराच्या गाठीत कच्चे तांदूळ, दिवसभर चघळते.
"सवय गे," म्हणते.
मी सवयीच्या रकान्यात नाही लिहीत,
लक्षणाच्या लिहिते.
गोळ्या घेतेस?
"घेते."
दारातली जास्वंद मात्र भलतीच बहरलेली.

एका दुपारी गेले तर सूप घेऊन बसलेली,
रेशनचा तांदूळ निवडत.
बाजूला वर्तमानपत्रावर वेगळी रास:
किंचित पिवळट, खडूसारखे, हलके दाणे.
"प्लास्टिक गे हें. पाण्यात तरंगतं.
फोनवर दाखवलंय सगळ्यांना."
शंभरात एक घालतात तो दाणा.
तिनं एकही सोडला नव्हता.
एवढी नजर माझ्या यंत्राला असती तर!

मूठ भरली, अंगणात भिरकावली.
कोंबडा धावत आला.
त्याचा तुरा बघून मी थांबलेच.
लालभडक, ताठ, हालला की झळकणारा.
म्हटलं, सुलक्षा, अख्ख्या पाळीत
रक्त पुरेसं असलेला हा एकटाच.
ती इतकी हसली की
खांब धरावा लागला तिला.

मग मी काडी ओढली.
चिमट्यात दाणा धरला ज्योतीवर.
ठिबकला नाही, लोळ झाला नाही.
काळा पडला, आणि वास आला
तव्यावर विसरलेल्या भाकरीचा.
पीठच गे हे. तांदळाचं पीठ, त्यात लोखंड मळून
पुन्हा तांदळाच्या आकारात दाबलेलं.
शेवयांचं बुटकं भावंड.
दुसरा दाणा मी तोंडात टाकला, तिच्यासमोर.
ती माझ्या घशाकडे बघत राहिली.

"लोखंड आमच्या डोंगरातलं?"
हो म्हणायचा मोह झाला.
किती बरं वाटलं असतं, तिला नि मलाही.
ठाऊक नाही म्हटलं.

बाकी नेहमीचंच सांगितलं.
पेज ओतू नकोस, पी.
जेवणावर लगेच चहा नको, सोलकढी चालेल.
आणि भात गोळीच्या जागी नाही,
तिच्या शेजारी.
ती मान डोलवत होती. किती आत गेलं,
देव जाणे.

तीन महिन्यांनी बोट पुढं केलं तिनंच.
आठ पॉइंट नऊ.
फार नाही. मोठ्यानं सांगण्यासारखं तर नाहीच.
भातानं की गोळीनं, मला विचारू नका.
एवढंच दिसलं की
जास्वंदीला कळ्या कमी आहेत,
पदराची गाठ सुटलेली आहे,
आणि सुपाजवळ तो कोंबडा
मान तिरकी करून उभा,
वाट बघतोय.