हौशी

मालाच्या वहीत वडिलांनी लिहिलं :
नग एक. लांबी सव्वीस फूट. मार्मागोव्याहून, लोंढ्यावर डबा बदलून.
आत : काही नाही.
कुडचीच्या फलाटावर सहा हमालांनी ती उचलली
आणि इतकी हलकी निघाली
की सगळ्यांनाच जरा फसल्यासारखं वाटलं.

हॅलम साहेब पुलाचा इंजिनियर. एक गुडघा लढाईत गेलेला,
जमिनीवर दिसायचा, पाण्यात दिसत नसे.
पहाटे कृष्णेत ती सुई सोडायचा
आणि पाठ पुढे करून निघायचा
मागे पडणाऱ्या काठाकडे बघत.

दुंडाप्पा अंबी तरीवरून हसायचा :
'हिंदक नोडकोंत मुंदक होगतानु.'
मागं बघत पुढं जातोय. असा माणूस
बाजाराला पोचेल का कधी?

एकदा त्यानं शर्यत मागितली,
तिसऱ्या खांबापासून वाकड्या चिंचेपर्यंत.
साहेब लाजला. वडिलांना दुभाषी केलं.
म्हणाला, आमच्यात नियम आहे,
हातावर पोट असलेल्याशी
हौशी माणसानं शर्यत लावायची नाही.
वडिलांनी वाक्य तीनदा फिरवून पाहिलं,
मराठीत ते कुठूनच बरं दिसेना.
शेवटी तसंच सांगितलं.

दुंडाप्पा तंबाखू थुंकला. गेला.
पुढच्या बाजारादिवशी
त्यानं कुणाकडून पैसुद्धा घेतली नाही.
शेरडं, गुळाच्या ढेपा, एक बाळंतीण,
कज्ज्याला निघालेले दोन सख्खे भाऊ,
सगळे फुकट.
का रे बाबा? तर म्हणे, आज हौस आहे.
दिवेलागणीला बंगल्यासमोर उभा राहिला :
'आता?'

शर्यत झाली. जिंकलं कोण
यावर दोन्ही काठांचं अजून जमत नाही.

वडिलांना त्यातलं आठवायचं ते निराळंच.
वल्ह्यागणिक साहेब तोंडातल्या तोंडात नाव घ्यायचा,
सात नावं, की पुन्हा पहिलं.
त्याच्या होडीत कधीकाळी आठजण असत.
दुंडाप्पाला वाटलं, देवांची असतील.

एकोणचाळीसला साहेब गेला.
सुई गोदामात राहिली, वाळवीनं संपवली.
वहीत तिच्यापुढे जावकची तारीख नाही.

मी लहानपणी तरीत बसले
तेव्हा दुंडाप्पाचा मुलगा काठी रेटताना पुटपुटत होता :
शेशिल, हू, अर्ची, वाल्टर्या...
कोण हे? मी विचारलं.
कुणास ठाऊक, तायव्वा.
एकही गाळायचं नाही,
एवढं सांगितलंय.