कुलर बंद केल्यावर

शेषराव निनावेच्या धुमाळ पार्टीचा अ‍ॅम्प्लिफायर
तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर आला
तेव्हा मे महिना होता, अन् तांडापेठेत
दुपारी दोनला कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नव्हतं.

"वरातीत पाऊण तास वाजते," तो म्हणाला,
"मंग गप. नवरदेव घोड्यावर, गोळीबार चौकात,
अन् आमी नुसतं ढोलक बडवून रायलो.
तुमच्या दुकानात मातर साला गवयासारखा गाते."

खरंच गात होता.

मी रीतीप्रमाणे सगळं केलं.
आधी शंभरचा बल्ब सिरीजमध्ये:
क्षणभर पेटला, मग नुसती लालसर तार होऊन बसला.
म्हणजे पोटात शॉर्ट नाही.
बल्ब धगधगत राहिला तर हात मागे घ्यायचा,
हे परातेकाकांनी शिकवलं होतं
स्वतःची दोन भाजलेली बोटं दाखवून.
मीटर डायोडवर. पाचशे ऐंशी, पाचशे पंच्याऐंशी,
आठही ट्रान्झिस्टर एका आईची लेकरं.
एमिटरचे रेझिस्टर शाबूत. कपॅसिटरांची डोकी सपाट.
रिलेच्या अलीकडे डीसी बारा मिलिव्होल्ट,
तेवढ्याला कुणी आजार म्हणत नाही.
दोन तास वाजवला. वाजला.
मला त्याचा राग यायला लागला,
डॉक्टरपुढे आल्यावर ताप उतरणाऱ्या पोराचा येतो तसा.

माझा बाप हातमागावर बसायचा.
ताण्यातला एक धागा तुटला
की त्याच्या कानाला आधी कळायचं, डोळ्याला नंतर.
माग मोडला त्या वर्षी मी दहावीला होते.
त्याच लाकडाचं हे टेबल,
डावा पाय अजून डुगडुगतो.
आता तो दुकानात कोपऱ्यात बसतो,
गिऱ्हाइकाला पाणी देतो,
अन् कुठल्याही यंत्राला "हे" म्हणतो.

त्या दिवशी म्हणाला,
"पोरी, तो कुलर बंद कर बरं.
मले हे ऐकू येऊन नाई रायलं."

बंद केला.
खसाचा ओला वास हळूहळू वाळला.
पत्र्याचं छप्पर बोलायला लागलं.
माझ्या हनुवटीवरून घाम टपकला तो सर्किटवर पडू नये
म्हणून मी मान वळवली, आणि
टक्.
रिले सुटला. गाणं कडव्याच्या मधोमध कापलं गेलं.
मीटरवर बारा मिलिव्होल्टचे अठ्ठावीस व्होल्ट.

तीन खेपा मी त्याला गार वाऱ्यात बसवून
विचारत होते, तुला काय होतंय.

भिंग लावलं. पहिल्याच पायरीवरच्या
एका बारक्या ट्रान्झिस्टरच्या पायाभोवती
सोल्डरमध्ये गोल भेग, केसाहून बारीक.
गार असताना मिटलेली,
तापली की उघडणारी.
दाबून बघायला लोखंड चालत नाही.
बापाने जुन्या फणीतली बांबूची काडी काढून दिली,
कुठे ठेवली होती इतकी वर्षं कोण जाणे.
दाबली. आकडा खाली आला.
एक, दोन, तीन, टक्. गाणं परत.
काडी सोडली, गेलं. दाबली, आलं.
बाप हसला. "तुटला नव्हता," म्हणाला, "ढिला होता."

मग इस्त्री तापवली, आम्ही सोल्डरिंगला इस्त्रीच म्हणतो,
आणि एक थेंब.

परवा रात्री शेषरावची वरात आमच्याच गल्लीवरून निघाली.
मी गच्चीवर, ओल्या चादरीवर, घड्याळ धरून.
बेंजो फाटक्या गळ्यानं किंचाळत होता,
पोरं नाचत होती, घोडी बिचारी कान पाडून.
चाळीस मिनिटं. पंचेचाळीस.
बाजूला बाप केव्हाच घोरायला लागला होता.
सत्तेचाळीस.
बावन्नाव्या मिनिटाला सगळं एकदम थांबलं
आणि मी उठून बसले, कठड्यावरून वाकून पाहिलं.

काही नाही.
नवरीचं घर आलं होतं.