डावा हात

आंघोळ घालताना साबणाखाली बोटाला लागलं,
ज्वारीच्या दाण्याएवढं.
वाटलं, डास चावला असेल.
दुसऱ्या बाजूलाही होतं.
"घासू नकोस ना, दुखतंय," शमू म्हणाली.
तिला सात वर्षं, दोन महिने.

एरंडवण्यात डॉक्टर टिळेकरांनी
तिच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढायला लावला.
दुखतंय छातीत, फोटो हाताचा कशाला?
"हाडांना त्यांचं त्यांचं वय असतं," ते म्हणाले,
आणि उजेडाच्या काचेवर तिचा पंजा अडकवला.
पेरापेरांत काळ्या फटी,
अजून सांधायचं राहिलेलं.
दाखल्यावर सात.
हाडं म्हणत होती, साडेआठ.

मग विचारलं, घरात काय काय असतं.
मी बँकेत कर्जखात्याला बसते,
यादी द्यायला मला जमतं.
डबा प्लास्टिकचा. बाटलीही.
हो, वरण गरमच भरते.
सोयाबीनच्या वड्या, आठवड्यातून दोनदा,
प्रथिनं म्हणून वृंदावन्संनी सुचवलेल्या.
जवसाची चटणी.
झोप लागावी म्हणून उशीला लव्हेंडरचं तेल.
ते म्हणत होते, "पुरावा कच्चा आहे,"
"असेलही," "वड्यांनी एवढं होत नाही हो,"
आणि मी मनातल्या मनात
प्रत्येक नावापुढे लाल खूण करत होते.

रविवारी अभिरामने तीन पोती भरली.
भंगारवाला म्हणाला, नवंच आहे की सगळं.
बोहरी आळीतून स्टीलचे डबे आणले,
दुकानातल्या मशीननं टरटर करत
झाकणावर शाल्मली कोरलं,
शमू कानात बोटं घालून हसत उभी.
सहा आठवडे आम्ही
सोयाबीनला घाबरलो,
जसं एखाद्या घरात साडेसातीला घाबरतात.

दाणा होता तिथेच होता.
सोनोग्राफीत अंडाशय गाढ झोपलेलं,
रक्तानंही तेच सांगितलं.
"हिच्या शरीरानं अजून हाकच मारलेली नाही," डॉक्टर म्हणाले,
"बाहेरून कुणीतरी बोलतंय."
मग पेन खाली ठेवून, माझ्याकडे बघत,
"तुम्ही काही लावता का?"

अडतिसाव्या वर्षी माझं सगळं काढलं,
गाठींबरोबर दोन्ही अंडाशयं.
त्यानंतरचा तो घाम,
पंखा पाचवर, तरी उशी ओली,
एका कर्जदारासमोर फाइल उघडता उघडता
आलेलं रडू.
मग ती जेल.
रोज रात्री साडेनऊला, पंपाचा एक दाब,
कोपरापासून खांद्यापर्यंत,
स्पिरिटचा वास, लगेच गार.
तिनं मला माझ्या ताब्यात परत दिलं होतं.
यादीत ती नव्हती.
यादी घराची होती,
आणि मी मला घरात धरलंच नव्हतं.

साडेनऊ वाजून पाच मिनिटांनी शमू यायची,
फ्रॉक काढून, उकडतंय म्हणत,
माझ्या डाव्या दंडाला बिलगून झोपायची.
गेल्या पाडव्यापासून, रोज.

डॉक्टर रागावले नाहीत.
मांडीला लावा, वाळू द्या, वर कपडा घाला, हात धुवा.
हे उतरेल, म्हणाले.
रिक्षा न करता नळ स्टॉपपर्यंत चालत आले,
दंड अंगापासून लांब धरून,
ओल्या रंगाच्या दाराशी
लोक जसे अंग चोरून जातात.

जेल मी बंद केलेली नाही.
हे सासूबाईंना सांगितलेलं नाही.
वृंदावन्संना अजून वाटतं, वड्यांनीच झालं,
आणि मी त्यांना तसं वाटू दिलंय.

चार महिन्यांनी आज
साबणाखाली काही लागलं नाही.
परत परत बघितलं, तर शमू ओरडली, "पुरे ना!"

तिला एवढंच ठाऊक आहे की
डाव्या हाताचं रंगकाम चालू आहे.
रात्री उशी घेऊन ती उजवीकडे आली.
या हाताला कधीच काही लावलं नव्हतं.
तरी मी बाही मनगटापर्यंत ओढली
आणि मग म्हटलं, ये.