म्हणे

आमच्या केचुआत क्रियापदाला शेपूट असतं.
डोळ्यांनी पाहिलेल्याला एक,
कानावर आलेल्याला दुसरं.
झोपेत, दारूत, आईच्या पोटात असताना
जे घडून गेलं, त्यालाही हे दुसरंच.
म्हणून आई सांगायची, तू पहाटे जन्मलीस.
आणि मी सांगते, मी पहाटे जन्मले म्हणे.

स्पॅनिशमध्ये हे शेपूट नाही.
मी कोर्टाची दुभाषी. ते छाटायचाच
मला पगार मिळतो.

सुनावणी शाळेच्या व्यायामशाळेत,
न्यायाधीशांच्या डोक्यावर बास्केटबॉलची फाटकी जाळी.
लिमाहून आलेल्या वकीलबाईंना उंची बाधलेली,
कोकाच्या पानांचा चहा त्या दोन्ही हातांनी धरून बसलेल्या.
तेओदोसियो पालोमिनो, वय सत्तावन्न.
हल्ली ट्रकमधून कांदे नेतो.
तेव्हा एकोणीस.
स्पॅनिश येतं त्याला, पलटणीत शिकलेलं.
पण म्हणाला, हे मी त्या भाषेत नाही सांगणार.

आम्ही खिंड चढलो, म्हणाला. (पाहिलेलं.)
धुकं होतं. (पाहिलेलं.)
कुत्रं भुंकलं, लेफ्टनंटनं त्याला बुटाखाली गप्प केलं.
(पाहिलेलं. बुटाचा नंबरसुद्धा सांगेल हा.)
मग चाकीवायकोत
गोळ्या सुटल्या म्हणे.
माणसं पडली म्हणे.
छपराचं गवत पेटलं म्हणे.

मी भाषांतर केलं:
गोळ्या सुटल्या. माणसं पडली. गवत पेटलं.
कारकुनानं टाइप केलं.
तीन वाक्यं, एकालाही हात नाहीत.

मागच्या बाकावरून फोर्तुनाता योक्या बोलली,
परवानगी न घेता:
"हा तिथं नव्हता का?
मग याला सांगितलं कुणी?
ज्यानं सांगितलं त्याला बोलवा."

न्यायाधीशांनी विचारलं, काय म्हणतात त्या?
मला ते शेपूट पुन्हा जोडून दाखवावं लागलं,
मेलेल्या सरड्याचं दाखवावं तसं.

हुकूम आला होता, आरोपीचे वकील म्हणाले.
आला. जशी गार येते, जसा हिवताप येतो.
पाठवणाऱ्या कर्नलसाहेबांचा
हृदयाचा दाखला फाइलला जोडलेला आहे,
पान दोनशे बारा.
त्यावर सही आहे. हुकुमावर नव्हती.

मग पुठ्ठ्याचं खोकं उघडलं.
मातीतून निघालेला स्वेटर, तपकिरी,
एका कोपराला हिरवी वीण.
"माझी वीण," फोर्तुनाता म्हणाली. पहिलं शेपूट.
"लोकर संपली, म्हणून हिरवी घेतली." पहिलं.
"मी पलीकडच्या डोंगरावर मेंढ्यांमागे होते.
माझ्या पोराला मारलं म्हणे."

अडतीस वर्षं झाली,
आणि जे पाहिलं नाही त्यावर बाईनं
पाहिल्याचा शिक्का मारला नाही.

तेओदोसियो बराच वेळ स्वेटरकडे नाही,
तिच्या तोंडाकडे बघत राहिला.
मग म्हणाला, सोडली.
मी सोडली.
दाराआड कुणीतरी होतं, एवढं,
आणि तळहात जमिनीपासून वर धरला.
शेपूट पहिलं.

दुभाष्याला "तो म्हणतो" म्हणायची मुभा नसते.
नियम आहे, साक्षीदाराचा मी तोच आपला मी.
तेव्हा त्या व्यायामशाळेत
माझ्या आवाजात, स्वच्छ, माइकवरून,
मी गोळी सोडली.
तळहाताची उंची कारकुनाला टाइप करता आली नाही.
किती, ते कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

बाकीचे अकरा जण अजून
म्हणेच्या आड राहतात. कुणी भाड्यानं, कुणी स्वतःच्या घरात.

संध्याकाळी स्वेटर परत करायची पावती.
अंगठ्याआधी कारकून मोठ्यानं वाचतो:
वस्तू एक. मुलाचा. जुना.
मी भाषांतर करते.
फोर्तुनाता अंगठा मागे घेते.
"जुना नाही," म्हणते,
"दोनदाच घातलेला."