सैल तार

सॅगिनॉमध्ये जानेवारीत
गाडीचं दार उघडायलासुद्धा खांदा लावावा लागतो.
बोलिंग अ‍ॅलीच्या मागच्या हॉलमध्ये
मी साउंड बघायचो.
रात्रीचे चाळीस डॉलर आणि एक गार बर्गर.
त्या गुरुवारी 'सॉल्ट ट्रक' वाजवणार होते.
ऐकायला अकरा जण,
त्यातला एक तर पार्किंगमधला बर्फ ओढायला आलेला,
आत ऊब आहे म्हणून थांबलेला.

ड्वेन प्रुशिन्स्की स्टेजवर उकिडवा बसून
सहावी तार उतरवत होता.
'डी'च्या खाली, मग 'सी'च्याही खाली,
इतकी सैल
की बोटाखाली ती ओल्या सुतळीसारखी लोळत होती.
तुटेपर्यंत ताणू नये, असं सगळेच सांगतात.
सोडत गेलं तर काय होतं
ते कुणी सांगत नाही.
जड होतं.
एक ठोका मारला त्याने
आणि बारमागचे ग्लास
एकमेकांना खेटून कुरकुरले.

ऑर्विलच्या बासच्या स्पीकरला उभी चीर होती.
मी म्हटलं, चिकटव.
तो म्हणाला, नको, तिथूनच तर येतो.
खरंच तिथूनच यायचा,
घशात खडी अडकलेल्या कुत्र्याची गुरगुर,
मी कितीही नॉब फिरवले तरी
धुऊन न निघणारी.

टोबी लाशान्स दिवसा टायर बदलायचा.
पहिल्या दोन ओळी तो
गॅसचं बिल वाचावं तशा म्हणायचा,
माइकला ओठ टेकवून, डोळे मिटून.
तिसऱ्या ओळीला माझ्या बोर्डावर सगळे दिवे लाल.
ओरडणं म्हणजे राग, असं लांबून वाटतं.
मी हेडफोन लावून ऐकलंय.
निम्मा नुसता श्वास असतो,
थोडी थुंकी,
आणि उरलेलं जे असतं
ते मला कधी मिक्स करता आलं नाही.

पण सांगायचं होतं ते रेनिटाचं.
रेनिटा बॉग्ज, ड्रम्स,
दोन्ही पायांना दोन पेडल.
तिचा बाप व्हर्नेल दाराजवळ बसलेला,
कोट न काढता, टोपी न काढता.
एकतीस वर्षं प्रेस शॉपमध्ये.
कारखान्याला ऑक्टोबरात कुलूप लागलं
तेव्हापासून घरी तो
टीव्हीचा आवाज बंद ठेवूनच टीव्ही बघायचा.
लोक कानात बोळे कोंबत होते.
त्याला गरज नव्हती.

चौथ्या गाण्याच्या मधोमध
सगळं एकदम संथ झालं.
गिटार थांबली. बास थांबला.
फक्त तिचे पाय.
धप्. आणि थांबून, धप्.
धप्. आणि थांबून,
इतकं थांबून की मला वाटलं चुकली,
धप्.
दाराजवळ व्हर्नेलने टोपी काढली.

कार्यक्रम संपला.
तो स्टेजपर्यंत आला, सावकाश,
आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्याने म्हणाला,
"तुझा डावा पाय उशिरा पडतो."
"माहितीये," ती म्हणाली. झांज उतरवत होती.
"तीन नंबरची प्रेसही उशिरा पडायची.
दुरुस्त करू दिली नाही आम्ही.
तेवढ्यात हात काढता यायचा."

रेनिटाने झांज तशीच धरून ठेवली.
ती अजून बारीक वाजत होती,
तिने तळव्याने दाबली.

आता मी एका चर्चमध्ये साउंड बघतो.
तिथे काहीच लाल होत नाही.
कानात दिवसभर एक शिट्टी असते,
डॉक्टर म्हणतात सवय होईल,
सवय झालीये.

त्या रात्रीची कॅसेट आहे माझ्याकडे.
बरीचशी खरखरच.
शेवटच्या टाळ्या मोजता येतात, इतक्या थोड्या.
मग खुर्ची सरकल्याचा आवाज,
कुणाचा तरी खोकला,
आणि मी, तरुण, घाईत,
म्हणतोय,
चला, वायरी गुंडाळा,
बर्फ वाढतोय.