पोहोच

नॉर्थॅम्प्टनच्या केटरिंग रोडवर
क्लिफर्ड हॅगर्टीचं बूटदुरुस्तीचं दुकान.
दर सोमवारी, चहा निवायच्या आत,
मी त्याला गेल्या आठवड्याचे आकडे वाचून दाखवते.

'वीस टक्के सूट' : पाहिलं एकशे बारा जणांनी,
त्यातली एक मी, एक त्याची बहीण.
नव्या पाटीखाली तो हसत उभा :
तिसऱ्या सेकंदाला आलेख कोसळतो,
जिन्यावर पायरी चुकावी तसा.
'माझं थोबाड बघून पळाले,'
म्हणतो, आणि बिस्कीट बुडवतो.

पण ते चाळीस सेकंदांचं,
ज्यात चेहरा नाही, संगीत नाही,
नुसते हात, आरी, मेण लावलेला दोरा
आणि टाच बसतानाचा तो ठक्क :
अठ्ठेचाळीस हजार.
शेवटपर्यंत थांबलेले एकाहत्तर टक्के.
जपून ठेवलेले नऊशे.

मी वहीत लिहिते : चेहरा कमी. सूट बंद.
हात जास्त. ठक्क हवाच.
मंगळवार, संध्याकाळी सात दहा.

'आणि बूट किती आले?'
चार जोड.
'मग ते चार आधी लिही की.'
लिहिते.

त्याला मी सांगितलेलं नाही
की मेणावरून दोरा ओढल्याचा आवाज
मला झोपेतही ओळखू येतो.
कागलला आबा पायाच्या अंगठ्यांत
वहाण धरून शिवायचे.
तेव्हाही पोहोच मोजलेली असायची :
कुठल्या अंगणापर्यंत,
कितव्या पायरीपर्यंत,
जोड कुठे ठेवून मागे सरायचं.
लोक वहाणा उलटसुलट करून बघत.
हातांसाठी कुणी
एक सेकंद थांबलं नाही.

पप्पांनी बँक धरली, आडनाव बदललं,
आरी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर,
तिच्यावर आकाशकंदिलाचं खोकं.
सोसायटीत कुणी विचारलंच तर :
'लेदरचा व्यवसाय होता, कोल्हापूरकडे.'

गेल्या मंगळवारचं मात्र पडलं.
नुसती शिलाई,
ना ठक्क, ना शेवट. तीनशे सहा.
'काढून टाक,' क्लिफर्ड म्हणाला.
काढण्याआधी सवयीनं देशांची यादी उघडली :
ब्रिटन, अमेरिका,
पोलंड, का कोण जाणे,
आणि अगदी तळाशी
भारत. पुणे.
प्रेक्षक एक.
पाहिलं अकरा वेळा.
सगळं मध्यरात्रीच्या पुढे.
लाइक नाही. अक्षर नाही.

मी यादी मिटली. काढलं नाही.

रात्री फोनवर पप्पा टँकरबद्दल बोलले,
गुडघ्याबद्दल, लिफ्टबद्दल,
लिफ्टच्या वर्गणीबद्दल.
मग ठेवता ठेवता :
'त्या गोऱ्याचे टाके लांब पडतात गं.
इंचाला आठ तरी हवेत.
आबा दहा घालायचे.'

मी काही बोलले नाही.
तेही थांबले,
शेवटपर्यंत.

वही पुन्हा उघडली.
सात दहा खोडलं.
मंगळवार : शिलाई. आणखी जवळून,
टाके मोजता येतील इतकं.
वेळ : दुपारी तीन.
तिकडे साडेसात होतात.
म्हातारी माणसं
उगाच जागतात.